सण ज्यांचा, यजमान तेच

लहान मुलांचे आईवडील, बालवाडीच्या ताई आणि सोसायटीच्या कार्यकारिणीतली मंडळी यांच्याकडून काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. "शाळेत 'विविधतेत एकता' दिवस आहे, मुलीला पंजाबी करू की बंगाली?" "आमच्या इमारतीत गणपती बसतो, मग ईदही करायची का? आणि करणार कोण?" "समोर ओडिशाचं कुटुंब राहायला आलंय. मुलं एकत्र खेळतात, पण मोठ्यांचं बोलणं जिन्यातल्या नमस्कारापुढे सरकत नाही." "शाळेत रोज आरती म्हणून घेतात, आमच्या घरात ती पद्धत नाही. बोललो तर मुलाला त्रास होईल का?"

प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण गोंधळाचं मूळ एकच आहे. दुसऱ्याचा सण आपण त्यांच्यासाठी साजरा करून द्यायचा, असं आपण धरून चालतो. मग वेशभूषा येते, सजावट येते, भाषणं येतात आणि ज्यांचा सण ते कोपऱ्यात उभे राहतात. या लेखातला बहुतेक सल्ला एका साध्या नियमावर उभा आहे: सण ज्यांचा, यजमान तेच. बाकीच्यांनी पाहुणे व्हायचं. पाहुणा विचारून येतो, पुढे केलेलं घेतो, न चालणारं नम्रपणे नाकारतो आणि पुढच्या वेळी आपल्या घरी बोलावतो.

आधी मुलांचं वय बघा

दोन-तीन वर्षांच्या मुलाला 'संस्कृती' कळत नाही. त्याला वास, चव, आवाज आणि माणसं कळतात. शेजारच्या आजीच्या मांडीवर बसून तिची अंगाई ऐकणं हाच त्याच्यासाठी पूर्ण कार्यक्रम आहे. अंगाई प्रत्येक घरात असते, तिला साहित्य लागत नाही आणि तिच्यावरून वाद होत नाही. बालवाडीत सुरुवात करायची असेल तर इथूनच करा. घरोघरच्या आजी, आई, आजोबांना त्यांच्या भाषेतली अंगाई फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा आणि दुपारी मुलं झोपतात तेव्हा ती लावा. आईची भाषा वर्गात ऐकू आली की नवीन, बुजलेलं मूल किती सैल होतं, ते ताईंना पहिल्याच आठवड्यात दिसेल.

चार-पाच वर्षांची मुलं फरक टिपतात आणि मोठ्यानं बोलतात. "तिची आई डोक्यावरून ओढणी का घेते?" "तो असं का बोलतो?" अशा वेळी आपण ओशाळून "श्श, असं विचारू नये" म्हणतो. त्यातून मूल एकच गोष्ट शिकतं, की वेगळेपणात काहीतरी लपवण्यासारखं आहे. त्याऐवजी छोटं, खरं उत्तर द्या: "त्यांच्या घरी तशी पद्धत आहे. तुझी आजी देवळात पदर घेते ना?" उत्तर माहीत नसेल तर "आपण त्यांनाच विचारू" म्हणा आणि खरंच विचारा.

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना 'का' हवं असतं. न्याय-अन्यायही त्यांना कळू लागतो. या वयात गोष्टी, नकाशे, मुलाखती चालतात. शेजारच्या काकांना "तुम्ही लहान असताना या सणाला काय करायचात?" असं विचारायला मुलांना पाठवा.

सणांच्या यादीआधी माणसांची यादी करा

बहुतेक ठिकाणी कॅलेंडर उघडून सण निवडले जातात. हे उलटं आहे. आधी तुमच्या वर्गात, वाडीत, इमारतीत कोण राहतं ते जाणून घ्या. तिथे एकही मल्याळी कुटुंब नसताना ओणम करण्यात चूक काही नाही, पण बिहारचं, बंजारा समाजाचं किंवा वसईकडचं कुटुंब समोर असताना त्यांना सोडून ओणम केलात, तर ती निवड त्या कुटुंबाला बरंच काही सांगून जाते.

बालवाडीच्या प्रवेशाच्या वेळी किंवा घरभेटीत हे विचारा:

- मुलाला घरी कोणत्या नावानं हाक मारतात? नावाचा उच्चार नेमका कसा?
- घरी कोणत्या भाषा बोलल्या जातात? (एकच असेल असं धरू नका.)
- आईच्या आईला, वडिलांच्या वडिलांना मूल काय म्हणतं?
- वर्षातले कोणते दिवस तुमच्या घरी महत्त्वाचे असतात?
- मूल काय खात नाही? आवडीमुळे, पद्धतीमुळे की तब्येतीमुळे?
- शाळेतल्या कोणत्या गोष्टीत मुलानं सामील होऊ नये असं वाटतं?
- गाणं, गोष्ट, विणकाम, स्वयंपाक, खेळ यातलं काही मुलांना दाखवायला आवडेल का?

जात विचारू नका. धर्मही थेट विचारण्याची गरज नाही, वरच्या प्रश्नांतून लागेल तेवढं कळतं. आडनावावरून तर काहीही ठरवू नका. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुस्लिम घरांत कोकणी बोली असतात. रायगडातल्या बेने इस्रायली ज्यूंची घरची भाषा मराठी आहे. वसईतली कादोडी बोली ख्रिस्ती कुपारींच्याही घरी आहे आणि सामवेदी ब्राह्मणांच्याही.

आणि 'आपण सगळे मराठीच' असं वाटत असेल तर थोडं थांबा. पश्चिम महाराष्ट्रात मुली नवरात्रात हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून भोंडला करतात, त्यालाच कुठे हादगा म्हणतात. खानदेश-विदर्भात भुलाबाई बसते. नागपूरकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, वारली, गोंडी बोलणारी मुलं एकाच वर्गात असतात आणि 'शुद्ध बोल' हे वाक्य सगळ्यांत जास्त त्यांनाच ऐकावं लागतं. विविधतेची सुरुवात हे वाक्य बंद करून करा. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, पण घरची बोली चुकीची ठरवून नव्हे.

वेशभूषेऐवजी घरातली एक वस्तू

राज्यांच्या पोशाखांची स्पर्धा बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. भाड्यानं आणलेल्या कपड्यांत उभं राहून पाठ केलेली चार वाक्यं म्हणणाऱ्या मुलाला त्या प्रदेशाबद्दल काहीच कळत नाही. भाडं न परवडणाऱ्या घराची मात्र कुचंबणा होते. आणि 'आदिवासी' म्हणून मुलाच्या तोंडाला काळा रंग फासून, कमरेला पानं बांधून स्टेजवर नाचवणं हा अपमान आहे. त्या वर्गात वारली, कातकरी किंवा गोंड घरातलं मूल असेल तर ते त्या क्षणी काय शिकतं, याचा विचार करा.

त्याजागी 'घरातली एक वस्तू' हा उपक्रम घ्या. त्याला खर्च नाही आणि तो तीन वर्षांच्या मुलालाही जमतो.

1. प्रत्येक मुलानं घरातली रोज वापरातली किंवा सणाला निघणारी एक वस्तू आणायची: पाटा-वरवंट्यातला वरवंटा, शेवयांचा साचा, पुट्टूची नळी, आजोबांची टोपी, गोधडी, केरसुणी, ताडाच्या पानाचा पंखा. महाग, मोडणारी किंवा पूजेतली वस्तू नको.
2. वस्तूबरोबर घरातलं एक मोठं माणूस आलं तर उत्तम. येऊ शकत नसेल तर फोनवर आवाज पाठवू दे.
3. पाच-सहा मुलांचे गट करा. वस्तू हातात द्या, वास घेऊ द्या, वापरून बघू द्या. भाषण नको.
4. ताईंनी विचारायचा प्रश्न एकच: "ही कशाला लागते?" मग दुसऱ्या मुलांना विचारा, "तुमच्या घरी हेच काम कशानं करतात?"
5. वस्तूचं नाव आणणाऱ्याच्या भाषेत फळ्यावर लिहा, देवनागरीत. खाली मराठी नाव.

चौथी पायरी सोडू नका, सगळं काम तिथेच होतं. रांगोळीचंच घ्या. तामिळ घरात तांदळाच्या पिठाचा कोलम असतो, तेलुगू घरात मुग्गु, बंगाली घरात आल्पना, ओडिया घरात झोटी, मल्याळी घरात ओणमला फुलांचं पूकळम. पारशी घराच्या उंबऱ्याशी भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यांनी ठसे उमटवून चौक काढतात. दारात काहीतरी सुंदर काढावं असं इतक्या घरांना वाटतं, हे मुलाच्या लक्षात येतं. ते सांगायला वेगळं भाषण लागत नाही.

याला आपल्याकडे जुना आधार आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी ते वाढवलं. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच कुरणशाळा भरवली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी बिया, दगड, शंख-शिंपले, पानं वापरली. शिक्षिका तिथे पाहुणी म्हणून गेली होती.

तारखा कशा ठरवायच्या

पहिली सूचना: ऐन सणाच्या दिवशी सामुदायिक कार्यक्रम ठेवू नका. त्या दिवशी ते कुटुंब आपल्या घरी, नातेवाइकांत असतं. सणानंतर तीन-चार दिवसांनी ठेवा. फराळही उरलेला असतो आणि यजमानांना उसंतही असते.

दुसरी: ईदची तारीख छापील कॅलेंडरवर बघून हॉल ठरवू नका. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, त्यामुळे रमजान आणि ईद इंग्रजी कॅलेंडरवर दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. चंद्रदर्शनावर एक दिवस मागेपुढेही होतो. रमजानमध्ये दुपारी खाण्याचा कार्यक्रम ठेवाल तर उपवास धरलेल्या पालकांची पंचाईत होईल. लहान मुलांवर रोज्याचं बंधन नसतं, पण त्यांच्यासोबत येणारी आई उपाशी असू शकते.

तिसरी: प्रत्येक खास दिवस आनंदाचा नसतो. गुड फ्रायडे हा येशूच्या मृत्यूचा स्मरणदिवस आहे, मोहरमच्या दहाव्या दिवशी शिया घरांत शोक पाळला जातो, ६ डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन आहे. या दिवशी फुगे लावून 'हॅपी' लिहिलेले संदेश पाठवू नका. पर्युषण हा जैन कुटुंबांचा उपास आणि क्षमेचा काळ असतो, त्या दिवसांत त्यांना खाण्याच्या कार्यक्रमाला बोलावणं टाळा.

वर्षात मोजकेच कार्यक्रम घ्या. माझी आवड सांगायची तर दोन आठवडे हाताशी धरा. एक जानेवारीच्या मध्याचा: संक्रांतीचा तिळगूळ, तामिळ घरचं पोंगल, आसामी घरचा पिठा, पंजाबी घरची लोहडी एकाच सुमारास येतात. दुसरा १४ एप्रिलच्या आसपासचा. सूर्य मेष राशीत जातो म्हणून पंजाबची बैसाखी, तामिळनाडूचं पुत्तांडू, केरळचा विशू, बंगालचा पोइला बोइशाख, आसामचा बिहू आणि ओडिशाची पणा संक्रांती एकमेकांना लागून येतात, आणि आंबेडकर जयंतीही त्याच दिवसांत असते. एवढी घरं एकाच आठवड्यात यजमान होऊ शकतात. कोणा एकाचा सण मुख्य आणि बाकीच्यांचे पाहुणे म्हणून घेतलेले, असं वाटत नाही.

नवरात्रही असंच आहे. भोंडला, भुलाबाई, गरबा, बंगाली दुर्गापूजा, दक्षिणेकडचा बाहुल्यांचा गोलू. छोट्या मुलांना यातली खिरापत ओळखण्याची गंमत कुठल्याही भाषेत कळते. फक्त भोंडला मुलींपुरता ठेवू नका, वर्गातले मुलगेही फेरात येऊ देत.

ताटात काय ठेवायचं

खाणं हा सगळ्यांत सोपा दुवा आणि भांडणाचं सगळ्यांत हमखास कारण. थोडी तयारी केली की बहुतेक अडचणी टळतात.

- प्रत्येक पदार्थासमोर चिठ्ठी लावा. पदार्थाचं नाव, कोणाच्या घरचा, आणि मुख्य घटक. अंडं, मांस, मासे, कांदा-लसूण, दाणे, काजू, दूध यांचा स्वच्छ उल्लेख हवा.
- जैन घरांसाठी कंदमुळं नसलेला एक तरी पदार्थ ठेवा. काही घरं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून कार्यक्रम सकाळी किंवा दुपारी घ्या.
- जेली आणि मऊ चघळायच्या गोळ्यांत बरेचदा जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून करतात. शाकाहारी घरांना ते चालत नाही आणि बऱ्याच मुस्लिम घरांनाही. पाकीट वाचा.
- नाताळचा केक रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याचा असू शकतो. करणाऱ्यांना आधी विचारा. गोव्या-वसईकडच्या शेजाऱ्यांकडून नेवऱ्या, कलकल, दोदोल मागवलेत तर तोही प्रश्न राहत नाही.
- पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, कडक तिळाचे लाडू, अख्खी द्राक्षं देऊ नका. घशात अडकतात. दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या पालकांना आदल्या दिवशी फोन करा.

मांसाहारी पदार्थ आणू द्यावेत का, हे आधीच पालकांसोबत बसून ठरवा, ऐनवेळी नको. मिश्र ठिकाणी सामुदायिक टेबलावर शाकाहारी ठेवणं बऱ्याचदा सोयीचं पडतं. पण ती सोय आहे, शुद्धता नाही, आणि मुलांना सांगतानाही तसंच सांगा. डब्यात अंडं किंवा सुकट आणणाऱ्या मुलाला वेगळं बसवणं कुठल्याही कारणानं योग्य नाही.

मूल "ई, ते घाण खातात" म्हणालं तर रागावण्याआधी हे सांगा: "आपण ते खात नाही. ते खातात. घाण हा शब्द आपण कोणाच्याच ताटाला लावत नाही." मग विषय सोडून द्या. पुन्हा झालं तर पुन्हा तेवढंच सांगा.

पाहणं वेगळं, पूजा वेगळी

सर्वाधिक वाद इथे होतात, कारण दोन्हींची सरमिसळ होते. दुसऱ्याच्या सणात सामील होण्याच्या पायऱ्या असतात: पाहणं, गोष्ट ऐकणं, हातानं काही करणं, चाखणं, आणि शेवटी प्रार्थनेत किंवा पूजेत भाग घेणं. पहिल्या तीन पायऱ्यांना क्वचितच कोणाची हरकत असते. आकाशकंदील करणं, शेवया मोडणं, गोठ्याच्या देखाव्यासाठी माती मळणं यातून मूल कोणाचा धर्म स्वीकारत नाही. चाखण्याबाबत आधी विचारा, कारण प्रसाद आणि खाऊ यात काही घरं फरक करतात. शेवटची पायरी ही घराची खासगी बाब आहे.

म्हणून कार्यक्रमाच्या निरोपात स्पष्ट लिहा: काय दाखवणार, काय करायला देणार, खायला काय आणि पूजा-प्रार्थना आहे की नाही. असेल तर ती वेगळ्या वेळी ठेवा, म्हणजे ज्यांना नको ते आधी निघू शकतात. जे मूल आरतीला थांबणार नाही त्याला खरं काम द्या: पत्रावळ्या मांडणं, चपला लावणं, पाहुण्यांना पाणी देणं. बाहेर बाकावर एकटं बसवू नका, ती शिक्षा होते.

वर्गात मुलाला 'तुमच्यात काय करतात ते सांग' असं उभं करू नका. पाच वर्षांचं मूल एका धर्माचं किंवा राज्याचं प्रतिनिधी नसतं. सांगायचंच असेल तर एका घराबद्दल सांगा: "हिच्या घरी ईदला शीरखुर्मा करतात." 'मुस्लिम असं करतात, ख्रिश्चन तसं करतात' ही वाक्यं मुलांच्या डोक्यात बराच काळ राहतात आणि बहुतेक वेळा चुकीची असतात.

कुटुंबं येत नाहीत तेव्हा

"आम्ही बोलावतो, पण तेच येत नाहीत" ही तक्रार वारंवार ऐकू येते. न येण्यामागे बहुधा अनिच्छा नसते. बांधकामावरच्या मजुराचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. घरकाम करणाऱ्या आईला सकाळी अकरा ही वेळ अशक्य असते. मराठी नीट येत नाही याची लाज असते. वर्गणी मागतील अशी धास्ती असते.

व्हॉट्सॲपवर छापील पत्रिका टाकून थांबू नका. घरी जाऊन बोलवा. वाचता न येणाऱ्यांना आवाजी निरोप पाठवा, जमल्यास त्यांच्या भाषेत. आठवडी बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी असेल तर तो दिवस धरा. 'काही आणायचं नाही, पैसे नाहीत, मुलं आणि तुम्ही या' हे तोंडी सांगा. ऊसतोड कुटुंबांची मुलं दिवाळीच्या सुमारास येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जातात. बीड-अहिल्यानगरकडून आलेली ही मुलं मराठीच असतात, तरी कारखान्याजवळच्या गावात परकी ठरतात. त्यांच्यासाठी कार्यक्रम हंगामाच्या सुरुवातीलाच घ्या, निरोप देताना नव्हे.

आलेल्यांना पहिल्याच भेटीत स्टेजवर बोलायला लावू नका. फोटो काढण्याआधी विचारा आणि मुलांचे फोटो ग्रुपवर टाकण्याआधी पुन्हा विचारा.

भाषेबद्दल थोडक्यात

घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा असली की मूल गोंधळतं, ही भीती सोडा. मुलं दोन-तीन भाषा सहज पेलतात. परप्रांतीय पालकांना 'घरीही मराठीतच बोला' असा सल्ला देऊ नका. घरी त्यांची भाषा भक्कम राहू द्या, मराठी अंगणात आणि वर्गात येते. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर एकच चित्रकथा मराठीसह अनेक भारतीय भाषांत फुकट मिळते. एकच गोष्ट ताईंनी मराठीत आणि एखाद्या आईनं कन्नडमध्ये किंवा उर्दूत वाचावी, चित्रं तीच. २१ फेब्रुवारीचा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन सहा दिवसांच्या अंतरानं येतात. दोन्ही एकत्र करा.

सोसायटीतले नियम

कार्यकारिणीनं हे लेखी ठरवावं:

- हॉल, अंगण, वीज यांचं भाडं आणि वेळ प्रत्येक सणाला सारखी.
- सणाची वर्गणी ऐच्छिक. देखभालीच्या बिलात ती मिसळू नये आणि न देणाऱ्यांची नावं फलकावर लावू नयेत.
- ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. काही मोजक्या दिवशी शासन सूट देतं, ती सूट जाहीर झाली आहे का ते बघा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. तान्ही बाळं सगळ्याच धर्मांच्या घरात असतात.
- मुलांच्या कार्यक्रमाच्या समितीत भाडेकरूही असावेत. नवीन आलेली, वेगळ्या भाषेची कुटुंबं बहुधा भाडेकरूच असतात आणि सभेला त्यांना कोणी बोलावत नाही.

तुमचे हक्क

संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणजे तुमच्या घरी चालत नसलेली आरती, प्रार्थना किंवा पूजा तुमच्या मुलानं करू नये, असं तुम्ही मुख्याध्यापकांना लिहून देऊ शकता. कारण सांगायला तुम्ही बांधील नाही. पत्राची पोच घ्या.

अनुच्छेद ३५०क राज्यावर भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची जबाबदारी टाकतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ हाही शक्य तिथे मातृभाषेचं माध्यम सांगतो. त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. भाषेवरून, डब्यावरून, नावावरून शिक्षकांनी सतत हिणवणं यात बसू शकतं. कलम ३२ नुसार लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि समाधान न झाल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. मूल संकटात असेल तर १०९८ या क्रमांकावर फोन करा.

एक मर्यादा लक्षात ठेवा. शिक्षण हक्क कायदा मुख्यतः ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. खासगी बालवाडीत त्याचा थेट आधार फारसा मिळत नाही. म्हणून प्रवेश घेतानाच प्रार्थना, प्रसाद, डबा आणि सण यांबद्दल विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

घर घेताना धर्म, जात किंवा खाण्यापिण्यावरून सोसायटीकडून नकार मिळाला, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं कलम २३ वाचा. पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही आणि नकाराविरुद्ध निबंधकांकडे जाता येतं.

तुम्हीच परक्या गावी असाल तर

बंगळुरू, सुरत, लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी पालकांनाही वरचाच नियम लागू, फक्त यजमान तुम्ही. शाळेनं विचारायची वाट बघू नका. वर्षाच्या सुरुवातीला मुलाच्या शिक्षिकेला नावाचा उच्चार, न चालणारे पदार्थ आणि गुढीपाडवा, गणपती, दिवाळीच्या तारखा लिहून द्या. परदेशात एक काळजी घ्या. युरोप-अमेरिकेत स्वस्तिक दिसलं की लोकांना नाझी चिन्ह आठवतं. शाळेत स्वस्तिक असलेली रांगोळी दाखवायची असेल तर आधी शिक्षिकेशी बोला, नाहीतर ठिपक्यांचं कमळ किंवा गोपद्मं काढा. मुलाला तिथे स्वतःच्या चिन्हाचा बचाव करायला लावू नका.

या महिन्यात करायचं काम

मोठ्या कार्यक्रमाच्या तयारीत महिने जातात, म्हणून लहानशा पावलानं सुरुवात करा. आपल्या जिन्यातल्या किंवा वर्गातल्या, ज्याच्याशी अजून नीट बोलणं झालेलं नाही अशा एका कुटुंबाकडे मुलाला घेऊन जा. त्यांच्या मुलाच्या नावाचा नेमका उच्चार विचारा. त्यांचा पुढचा महत्त्वाचा दिवस कोणता ते विचारा, आणि त्या वेळी शेजारच्या मुलांना बोलवायला आवडेल का, तेही विचारा. 'हो' म्हणाले तर तारीख, पदार्थ आणि किती मुलं हे त्यांनाच ठरवू द्या. 'नाही' म्हणाले तर त्यांना आपल्याकडच्या पुढच्या सणाचं आमंत्रण देऊन या.